वसंताच्या सुटीत शहराबाहेरची पायी सहल: धाकट्याच्या चालीने आखलेला दिवस

आमची धाकटी पाच वर्षांची होती तेव्हा वसंताच्या सुटीत आम्ही सात किलोमीटरच्या एका गोल वाटेवर निघालो. नकाशावर वाट सोपी दिसत होती, हवा छान होती, पहिले चार किलोमीटर ती उड्या मारत चालली. पाचव्या किलोमीटरला ओढा आडवा आला. एरवी दगडांवर पाय टाकत पार होणारा तो ओढा वरच्या अंगाला झालेल्या पावसाने दुथडी भरून वाहत होता. पुढे जाता येईना, आणि मागे फिरायचं तर आलेली सगळी वाट पुन्हा तुडवायची. शेवटचे दोन किलोमीटर मी आणि नवरा तिला आळीपाळीने पाठीवर घेऊन चाललो. सासूबाई काठी टेकत मागून येत होत्या. गाडीपाशी पोहोचलो तेव्हा अंधार पडायला जेमतेम पंधरा मिनिटं होती.

कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी सहल आखायची पद्धत मुळापासून बदलली. आधी मी वाट निवडायचे आणि मग घरच्यांना त्या वाटेवर चालवायचे. आता आधी घरातला सर्वांत हळू चालणारा माणूस कोण ते बघते, मग ती पाच वर्षांची मुलगी असो की गुडघेदुखीची आजी, आणि त्याच्या चालीवरून अंतर, वेळ आणि परतीचा ठोका, म्हणजे मागे फिरायची वेळ, ठरवते. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आधी हवा समजून घ्या

वसंत म्हणजे सुखद हवा, असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. या दिवसांत पहाट गार, दुपार तापलेली आणि संध्याकाळ पुन्हा गार असते. एकाच दिवसात स्वेटर आणि टोपी दोन्ही लागतात.

दुसरी गोष्ट सावलीची. ती मला फार उशिरा कळली. थंड प्रदेशात वसंताच्या सुरुवातीला झाडांना पालवी फुटलेली नसते. उष्ण प्रदेशातल्या पानझडी रानांत याच सुमारास झाडं निष्पर्ण होतात. म्हणजे दोन्हीकडे नकाशावर हिरवं रान दिसतं, प्रत्यक्षात मात्र डोक्यावर सावली नसते. त्यात वसंतातलं ऊन गार वाऱ्यामुळे जाणवत नाही. उत्तर गोलार्धात २० मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात, दक्षिण गोलार्धात वसंताचा तोच दिवस २२-२३ सप्टेंबरला येतो. त्या दिवशी दुपारचा सूर्य जेवढा वर असतो तेवढाच तो उन्हाळा संपताना, सहा महिन्यांनी असतो. उन्हाळ्याच्या शेवटी आपण आठवणीने टोपी घालतो, वसंतात विसरतो. हवामानाच्या अंदाजात अतिनील किरणांचा निर्देशांक दिलेला असतो. तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तर टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन हवंच. लहान मुलांच्या कानांच्या पाळ्या आणि मानेचा मागचा भाग नेहमी राहून जातो, तिथे मुद्दाम लावा.

डोंगराळ भागात जाणार असाल तर उंचीचा हिशेब धरा. सरासरीने दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. शहरात २४ अंश असेल तर ६०० मीटर वर २० च्या आसपास, आणि वारा असेल तर त्याहून गार वाटणार. अंदाज बघताना शहराचा नव्हे, जिथे जायचं त्या जागेचा बघा. वरच्या अंगाला आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, बर्फ वितळतंय का, हेही पाहा. आमच्या ओढ्याने मला हा धडा दिला.

वाट निवडताना

वाटा तीन प्रकारच्या असतात. एक, गेलो त्याच वाटेने परत येण्याची. दुसरी गोल, म्हणजे फिरून सुरुवातीच्या जागी आणणारी. तिसरी एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणी बस किंवा रेल्वे पकडण्याची. गोल वाट सगळ्यांना आवडते, कारण तीच दृश्यं पुन्हा दिसत नाहीत. तरीही आठ वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर माझं मत ठाम आहे: गेलो त्याच वाटेने परत या. या वाटेवर कुठूनही मागे फिरता येतं. गोल वाटेवर अर्ध्याच्या पुढे गेलं की मागचं अंतर पुढच्यापेक्षा जास्त होतं आणि तुम्ही अडकता. शिवाय मुलांना तीच वाट कंटाळवाणी वाटत नाही. जाताना पाहिलेला वाकडा दगड परत येताना भेटला की त्यांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची वाट मोठ्या मुलांसाठी उत्तम, पण शेवटची बस चुकली तर दिवस बिघडतो. गाडी असेल तर ती शेवटच्या टोकाला उभी करा, बसने सुरुवातीला जा आणि गाडीकडे चालत या. वाहनाची चिंता सकाळीच संपते.

कागदी नकाशा वाचायची सवय करा. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, १:५०,००० वर २ सेंटिमीटर. एक दोरा घ्या, वाटेच्या वळणावळणाने नकाशावर ठेवा, मग सरळ करून मोजा. मुलं हे काम आनंदाने करतात. समान उंचीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटून येतात तिथे चढ उभा असतो, जिथे दूर दूर असतात तिथे जमीन सपाट. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. चढताना वाट किती रेषा ओलांडते ते मोजून त्या अंतराने गुणा, की एकूण चढ मिळाला.

वाटेवर एक ठिकाण असं हवं जिथे पोहोचायची मुलांना ओढ लागेल. उंचावरून दिसणारं दृश्य पाच वर्षांच्या मुलाला खेचून नेत नाही. पाणी नेतं, पूल नेतो, चढता येईल असा मोठा दगड नेतो, पडलेलं झाड नेतं. ते ठिकाण वाटेच्या शेवटी असलं पाहिजे, सुरुवातीला नको. पहिल्या अर्ध्या किलोमीटरवर ओढा असेल तर मुलं तिथून हलत नाहीत. खरं सांगायचं तर तीन वर्षांच्या मुलासाठी तो अर्धा किलोमीटर हीच पूर्ण सहल असते. तसं असेल तर तेवढीच करा आणि समाधानाने परत या.

बाबागाडी नेणार असाल तर वाट कशाची आहे ते विचारून घ्या. वसंतातल्या चिखलात बाबागाडीची छोटी चाकं रुततात. पाठीवर बांधायच्या आसनात मूल न्यायचं तर त्याची मान पक्की धरलेली असावी, आधाराशिवाय बसता येत असावं. बहुतेक मुलांना सहा महिन्यांच्या आसपास हे जमतं. आणि एक विसरू नका: नेणारा घामाघूम होतो तेव्हा मागे बसलेलं मूल हालचालीविना गार पडत असतं. दर थोड्या वेळाने त्याच्या पायाची बोटं हातात घेऊन बघा.

वेळेचं गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम मांडला. आजच्या मापात तो असा: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा नियम धडधाकट मोठ्या माणसांचा आहे आणि त्यात थांबणं धरलेलं नाही. कुटुंबासाठी तो असाच्या असा वापरला तर संध्याकाळी डोळ्यांत पाणी येतं.

उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन ६ किलोमीटर, एकूण चढ २०० मीटर. नेस्मिथच्या हिशेबाने ६ किलोमीटरची ७२ मिनिटं, चढाची २०, एकूण ९२. बरोबर सहा वर्षांचं मूल आहे, म्हणून मी हे दुप्पट करते: तीन तास. दर तासाला दहा मिनिटं बसणं, म्हणजे अर्धा तास. जेवण पाऊण तास. आणि किडा, खड्डा, काठी, बुटाची नाडी यांच्यासाठी आणखी अर्धा तास. झाले पावणेपाच तास. मोठ्या माणसाची दीड तासाची वाट ही कुटुंबाची पावणेपाच तासांची वाट असते. हा आकडा आधीच समोर ठेवला की वाटेत कोणी कोणावर "चल लवकर" म्हणून ओरडत नाही.

आता परतीचा ठोका. मी हाताशी असलेल्या वेळेचे पाच भाग करते. दोन जायला, दोन यायला, एक शिल्लक. समजा साडेनऊला चालायला सुरुवात आणि चारला थांब्यावर पोहोचायचं आहे. मधे साडेसहा तास, म्हणजे ३९० मिनिटं. एक भाग ७८ मिनिटांचा, दोन भाग १५६ मिनिटांचे. म्हणजे बारा वाजून पाच-सहा मिनिटांनी आपण जिथे असू तिथून मागे फिरायचं. ठरलेलं ठिकाण समोर दिसत असलं तरी फिरायचं. ही वेळ सकाळीच सगळ्यांना सांगा, घड्याळ वाचता येणाऱ्या मुलाकडे ती जबाबदारी द्या. मुलं या कामात मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात.

घड्याळाच्या आधीही फिरावं लागतं. मूल गप्प झालं, पाय घासत चालू लागलं, एरवी हसलं असतं अशा गोष्टीवर रडलं, की त्याची ताकद निम्म्याच्या खाली गेलेली असते. "अजून थोडंच राहिलंय" हे वाक्य त्या वेळी तोंडातून काढू नका.

आदल्या दिवसांतली चौकशी

सुटीच्या दिवशी बस आणि रेल्वेचं वेळापत्रक बरेचदा वेगळं असतं. शेवटची परतीची फेरी आणि तिच्या आधीची, अशा दोन वेळा कागदावर लिहून घ्या. शेवटच्या फेरीवर विसंबू नका, तिच्या आधीचीच आपली समजा.

जायची जागा उघडी आहे का ते त्या जागेची देखरेख करणाऱ्या कार्यालयाला विचारा. वसंतात पक्ष्यांच्या विणीसाठी किंवा वणव्याच्या भीतीने काही रानवाटा बंद ठेवतात. वाळलेला पाचोळा आणि वारा एकत्र असतात, म्हणून चूल आणि शेगोटीचा विचारच नको. जेवण घरून करून न्या.

गर्दी टाळायला दोनच उपाय आहेत, लवकर निघणं आणि जवळपासची दुसरी वाट तयार ठेवणं. दुसरी वाट पहिलीपेक्षा छोटी असू द्या. गाड्या लावायला जागा नसेल तर शेताच्या फाटकासमोर किंवा अरुंद रस्त्याच्या कडेला गाडी घुसवू नका, तिथून ट्रॅक्टर जायचा असतो. सरळ दुसऱ्या वाटेकडे वळा.

घरी राहणाऱ्या एका माणसाला लिहून कळवा: कुठे जातोय, कोणत्या वाटेने, कोणकोण आहोत, किती वाजेपर्यंत परत येऊ, आणि त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. परतल्यावर त्याला फोन करायला विसरू नका.

कपडे आणि पाय

कपडे थरांनी घाला. आतला थर घाम शोषून लवकर वाळणारा, त्यावर ऊब देणारा, सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारा पातळ कोट. सुती कपडा भिजला की लवकर वाळत नाही आणि अंगातली उष्णता खेचतो, म्हणून गार हवेत चढ चढताना सुती बनियन नको. चालायला लागताना जरा गार वाटत असेल तर कपडे बरोबर आहेत. दहा मिनिटांत अंग तापतं.

पॅंट लांब हवी, फिक्या रंगाची, गवतातून जायचं तर मोज्यात खोचलेली. वसंतात गोचिडी जाग्या झालेल्या असतात आणि फिक्या कापडावर त्या पटकन दिसतात.

नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा कधीही घालू नका. निदान दोन आठवडे आधीपासून ते घालून फिरायला हवं. मुलांचे बूट सुट्यांमधल्या काळात लहान झालेले असतात, म्हणून आदल्या आठवड्यात घालून बघा: बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पायांची नखं आदल्या रात्री कापा. मोज्यांचा जास्तीचा जोड न्या.

फोड कसा येतो हे मी एकदा नीट पाहिलं. मोठ्या लेकाने "टाच चुरचुरतेय" म्हटलं. आम्ही लगेच दगडावर बसलो, मोजा उतरवला. टाचेच्या वर नाण्याएवढा गुलाबी डाग होता, कातडी अजून शाबूत, हात लावला तर आजूबाजूपेक्षा गरम. मोज्यात एक बारीक काडी होती. पाय कोरडा पुसला, डागावर चिकटपट्टी लावली, तिचे कोपरे गोल कापले म्हणजे मोज्यात अडकून सुटत नाहीत, मोजा उलटा करून झटकला आणि सुरकुती न पडू देता चढवला. पाच मिनिटांचं काम. त्या डागाचा फोड झाला नाही. कुरकुर ऐकून अर्धा तास तसंच चाललो असतो तर झाला असता. फोड आलाच तर फोडू नका, भोवती मऊ पट्टी लावून वरचा दाब काढा.

पाठीवरचं सामान

पाणी सगळ्यात आधी. सौम्य हवेत मोठ्या माणसाला चालताना तासाला साधारण अर्धा लिटर लागतं, उन्हात आणि चढावर जास्त. एक लिटर म्हणजे एक किलो वजन, हे लक्षात ठेवून वाटून घ्या. वाटेतलं पाणी स्वच्छ दिसलं तरी उकळल्याशिवाय किंवा गाळून-शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. वरच्या कुरणात जनावरं असतात.

मुलाची पिशवी त्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जड नको, म्हणजे २० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त २ किलो. त्यात त्याचं पाणी, त्याचा खाऊ, शिट्टी आणि पातळ कोट. शिट्टी पिशवीच्या तळाशी नको, गळ्यात किंवा पट्ट्याला.

मोठ्यांच्या सॅकमध्ये प्रथमोपचाराची डबी, बारीक टोकाचा चिमटा, चिकटपट्टी, नेहमीची औषधं, छोटी विजेरी, कचऱ्यासाठी दोन पिशव्या, हात धुवायला साबण, आणि बसायला काहीतरी. वसंतात जमीन कोरडी दिसली तरी ओली असते. खाऊ थोडा थोडा, दर पाऊण-एक तासाने द्या. भूक लागल्याचं मुलाला कळेपर्यंत चिडचिड सुरू झालेली असते.

फोनमध्ये नकाशा घरीच उतरवून घ्या. जागा दाखवायला उपग्रहाचा संकेत पुरतो, त्याला नेटवर्क लागत नाही. नेटवर्क नसलेल्या भागात फोन ते सतत शोधत राहतो आणि बॅटरी उतरते, म्हणून विमानात ठेवतो तसा एअरप्लेन मोडवर ठेवा. तरीही कागदी नकाशा हवा.

वाटेवर

सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. हे उलट वाटतं, पण करून बघा. मागे राहणारं मूल सतत धापा टाकत गाठायचा प्रयत्न करतं. ते पोहोचेपर्यंत पुढच्यांची विश्रांती झालेली असते आणि ते उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त त्यालाच ती कमी मिळते. पुढे चालणारं मूल वाटाड्या होतं आणि त्याच्या चालीने सगळे चालतात. सगळ्यात मागे एक मोठं माणूस, त्याच्या मागे कोणी नाही. फाटा आला की थांबून मोजायचं आणि मग वळायचं.

पहिली वीस मिनिटं मुद्दाम सावकाश चाला. मग पहिला थांबा घ्या: नाड्या, मोजे, वरचा कपडा काढणं.

मुलांना चालती ठेवायचा उपाय म्हणजे त्यांना बघायला काम देणं. एका वर्षी धाकटीने मुंग्यांची रांग पाहिली. एका पतंगाचा पंख त्यांनी उभा धरला होता आणि तो शिडासारखा डुलत पुढे चालला होता. वाटेत गवताची काडी आडवी आली की पंख थांबायचा, दोन-तीन मुंग्या पुढे जाऊन यायच्या, मग तो तिरका होऊन काडीखालून सरकायचा. आम्ही पोटावर झोपून वीस मिनिटं ते बघितलं. दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग सॅकमध्ये असेल तर अशा वेळी त्याचं मोल कळतं. नुकती फुटलेली कळी भिंगातून बघा. एकात एक घड्या घातलेली पानं दिसतात, काहींवर बारीक लव असते.

झाडाची उंची मोजायचा खेळ मोठ्या मुलांना आवडतो. आपल्या हाताच्या लांबीएवढी काठी घ्या, हात सरळ पुढे करून मुठीच्या वर ती उभी धरा. मुठीचा वरचा कड झाडाच्या बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत सपाटीवर मागे मागे जा. जुळलं की तुम्ही झाडापासून जेवढे दूर, जवळपास तेवढीच झाडाची उंची. यामागे समरूप त्रिकोण आहेत, हे शाळेतल्या मुलाला तिथेच समजतं.

दमलेल्या मुलांसाठी बसून करायचा खेळ आहे. कागदाच्या मधोमध फुली काढायची, ती म्हणजे आपण. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. ज्या दिशेने आवाज येईल तिथे खूण करायची: पक्षी, वारा, पाणी, दूरची गाडी. शहरातल्या मुलांना ही पाच मिनिटं आधी लांब वाटतात, नंतर ती स्वतःहून वाढवून मागतात.

शेतं, जनावरं, पिल्लं

शहराजवळची मोकळी जागा कोणाची तरी रोजीरोटीची जागा असते. फाटक जसं मिळालं तसं ठेवा: बंद असेल तर पार झाल्यावर बंद, उघडं असेल तर उघडं, कारण पलीकडच्या पाण्याकडे जनावरं त्यातूनच जात असतील. पेरलेल्या शेतातून आडवं जाऊ नका, बांधाने एका रांगेत जा. चिखल टाळायला वाटेच्या बाजूने चालू नका. प्रत्येकाने तसं केलं की वाट रुंद होत जाते आणि गवत मरतं. चिखलातूनच जा, बूट धुता येतात.

वसंतात गाईंजवळ वासरं असतात आणि एरवी शांत असलेली गाय तेव्हा अंगावर येऊ शकते. गाय आणि वासराच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. कुत्रा बरोबर असेल तर साखळीत ठेवा. कित्येक पक्षी जमिनीवरच घरटी करतात आणि गवतात धावणारं कुत्रं ती तुडवतं. एखादा पक्षी तुमच्याभोवती घिरट्या घालत कर्कश ओरडू लागला तर घरटं जवळ आहे असं समजून आल्या पावली मागे व्हा.

पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच असतात. उचलून घरी आणू नका. पिसं नसलेलं पिल्लू पडलं असेल आणि घरटं हाताशी असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, हा समज खरा नाही.

फळांची सालंही परत आणा. ती कुजायला महिने लागतात आणि तोवर प्राण्यांना वाटेशी यायची सवय लागते. मुलाला शौचाला न्यावं लागलं तर पाण्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, वरून माती. कागद पिशवीत परत.

अडचण आली तर

वसंतात मधमाश्यांचा थवा फांदीला द्राक्षाच्या घडासारखा लटकलेला दिसू शकतो. नवी जागा मिळेपर्यंत तो तिथे थांबलेला असतो. दगड नाही, आरडाओरडा नाही, शांतपणे दूर जा. मधमाशी चावली तर नांगी कातडीत राहते आणि तिला लागलेली विषाची पिशवी आकुंचन पावत राहते. म्हणून ती कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं. नखाने खरवडा, पण लगेच. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या तर वेळ न घालवता तातडीची मदत बोलवा.

साप चावला तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला स्थिर ठेवा, अंगठ्या-कडी काढा, चालवू नका, दवाखान्यात न्या.

वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. एकट्या झाडाखाली, माथ्यावर, पाण्याजवळ थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं गेल्यावरच बाहेर पडा.

मुलांना चालायला लागायच्या आधीच एक गोष्ट शिकवा: आम्ही दिसेनासे झालो तर आहेस तिथल्या झाडापाशी थांब, शोधायला निघू नको, शिट्टी वाजव. डोंगरात मदतीची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांचं. घराजवळच्या बागेत याचा सराव करून घ्या. सरावाशिवाय घाबरलेलं मूल पळतं.

परत फिरल्यावर

उजेड किती उरला ते बोटांनी कळतं. हात सरळ पुढे करून चार बोटं आडवी धरा, खालचं बोट क्षितिजावर. सूर्य त्या चार बोटांच्या वरच्या कडेला असेल तर विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशात सूर्यास्ताला तासाभराच्या आसपास वेळ असतो. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य सरळ खाली उतरतो, तिथे एवढ्याच मापात अर्धा-पाऊण तास. डोंगर असेल तर ऊन त्याआधीच जातं. उतारावर दमलेले पाय घसरतात, म्हणून परतताना मुलाचा हात धरा आणि आजीच्या खालच्या बाजूने चाला.

घरी आलात की अंघोळीआधी गोचिडी शोधा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानांमागे, केसांच्या मुळांशी. सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका, जाळू नका. जागा धुऊन टाका, तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाली पसरू लागली किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

आणि त्याच रात्री, थकवा असला तरी, वहीत पाच ओळी लिहा. इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून आपल्या भागातल्या वसंताच्या खुणा नोंदवायला सुरुवात केली: पहिलं फूल कधी, पालवी कधी, कोणता पक्षी कधी आला. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ती नोंद १९५८ पर्यंत चालवली, आणि ऋतू कसे सरकत गेले हे अभ्यासायला ती आज उपयोगी पडते. घरगुती वही तेवढी मोठी असायची गरज नाही. आमच्या वहीत तारीख असते, वाटेचं नाव, ठरवलेला वेळ आणि लागलेला वेळ, कोण कुठे दमलं, कोणत्या झाडाला पालवी होती आणि कोणत्याला नव्हती. शेवटची ओळ मुलं सांगतात आणि मी तशीच उतरवते. तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या घराचा खरा वेग कळतो. मी आता नेस्मिथचा वेळ दुपटीऐवजी पावणेदोन पट धरते, कारण धाकटी नऊ वर्षांची झाली आहे. सासूबाईंचा गुडघा दुखत असेल त्या दिवशी मात्र अडीच पट. वही सॅकच्या वरच्या कप्प्यातच असते, पेन्सिलीसकट.